विश्लेषण : चंद्रपूरचे ४२ अंश आणि मुंबईचे ३८ अंश... उन्हाळ्याचा अंदाज कसा वाचावा?

पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या लेखी मात्र मार्च ते मे हा पूर्वमोसमी हंगाम. या तीन महिन्यांचा अंदाज विभाग फेब्रुवारीअखेरीस जाहीर करतो. ‘यंदा उन्हाळा कडक’ एवढेच त्यातून अनेकांच्या लक्षात राहते. पण त्याचा अर्थ विदर्भात एक आणि कोकणात दुसराच असतो.

हंगामी अंदाजात नेमके काय असते?

तापमान सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके किंवा सरासरीपेक्षा अधिक राहील, अशा तीन शक्यता असतात. कोणताही विशेष कल नसेल तर प्रत्येकीची शक्यता सुमारे ३३ टक्के. एखाद्या भागात ‘सरासरीपेक्षा अधिक’ची शक्यता ५५ टक्के दाखवली, तर याचा अर्थ तापमान ५५ टक्क्यांनी वाढणार असा नाही. उष्ण हंगामाकडे कल आहे, इतकेच त्यातून कळते. कोणत्या दिवशी पारा किती चढेल, हे हा अंदाज सांगत नाही.

उष्णतेची लाट कधी मानतात?

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस हवे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक हवे. पारा थेट ४५ अंशांवर गेला तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी ४० ऐवजी ३७ अंशांची अट आहे. सरासरीपेक्षा साडेचार अंश अधिक ही अट तेथेही लागू असते. चंद्रपुरात मे महिन्यातील कमाल तापमानाची सरासरीच ४३ अंशांच्या घरात असते. त्यामुळे तेथे मेमधील ४२ अंश ही लाट ठरत नाही. मुंबईत मार्चमधील ३८ अंश मात्र लाट ठरू शकतात.

मुंबईत पारा अचानक का चढतो?

याचे उत्तर वाऱ्याच्या दिशेत आहे. पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते. दुपारच्या सुमारास जमिनीवरील हवा वर जाते आणि तिची जागा समुद्राकडून येणारे खारे वारे घेतात. त्यामुळे कमाल तापमानाला लगाम बसतो. जमिनीवरून येणारे पूर्वेकडचे वारे जोरदार असतील तर खारे वारे उशिरा पोहोचतात आणि तोपर्यंत पारा चढत राहतो. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी नोंदलेले ४१.७ अंश तापमान हे मार्चमध्ये शहर किती तापू शकते याचे उदाहरण.

आकडा लहान, तरी धोका मोठा का?

घाम वाळताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो. त्यामुळे शरीर थंड राहते, पण पाणी नकळत कमी होते. कोकणातील दमट हवेत घाम वाळतच नाही आणि उष्णता शरीरातच साठते. खारघरमध्ये १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील पारा ३८ अंशांच्या आसपास होता. दमटपणामुळे किनाऱ्यावर रात्रही फारशी थंड होत नाही आणि दिवसभर तापलेल्या शरीराला उसंत मिळत नाही.

वळीव आणि गारपिटीचे काय?

अंतर्गत भागात तापलेल्या जमिनीवर अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले की दुपारनंतर ढग उंच वाढतात. मग वीज, वादळी वारे आणि कधी गारपीट होते. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ या काळातील गारपिटीने विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रातील रब्बी पिकांचे, द्राक्ष-डाळिंब बागांचे मोठे नुकसान केले. कोकणात गारा क्वचितच पडतात. तेथे आंबा-काजू बागायतदारांना धास्ती असते ती अवकाळी पावसाची आणि वाढत्या उष्णतेने होणाऱ्या फळगळतीची.

मग अंदाज वापरावा कसा?

हंगामी अंदाज तयारीसाठी असतो. पाणीसाठा, कामाच्या वेळा, रुग्णालयांतील व्यवस्था, मोठ्या कार्यक्रमांची तारीख आणि जागा त्यावरून ठरवता येते. प्रत्यक्ष दिवसाचा निर्णय मात्र जिल्हानिहाय इशारा पाहूनच घ्यावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. अंतर्गत भागात कमाल तापमान आणि विजांचा इशारा आधी पाहावा, तर किनारपट्टीवर आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि रात्रीचे किमान तापमान. ‘आपल्याकडे कुठे ४० अंश झाले आहेत’ असे म्हणून भर दुपारी उघड्यावर कार्यक्रम ठेवणे कोकणात जिवावर बेतू शकते.