डासांचा हिशेब

पावसाळा ओसरू लागला, की नाशिकच्या घराघरांत दिवेलागणीला खिडक्या लावून घेण्याची लगबग सुरू होते. कुणी जाळ्या बसवितो, कुणी कॉइल पेटवितो. या खर्चाने डासांची पैदास मात्र थांबत नाही. येथे अडलेला डास जाळी न परवडणाऱ्या घराचा रस्ता धरतो.

गोदावरीतील पाणवेली आणि नासर्डीतील सांडपाणी यांकडे बोट दाखविले जाते, ते रास्तच आहे. पण डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ पाण्यात, पिंपात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या बशीत वाढतो. तो चावतो दिवसा. रात्रीची मच्छरदाणी त्याला काय अडविणार? अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याच्या ‘कोरड्या दिवसा’चा आग्रह. भांडे नुसते उपडे करूनही भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. ती घासूनच काढावी लागतात.

ढिलाईची किंमत देशाने एकदा मोजली आहे. 1953 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 1965 पर्यंत हिवतापाचे रुग्ण लाखभरावर आणले. डास डीडीटीला सरावले, देखरेख सैलावली, आणि 1976 मध्ये तोच आकडा 64 लाखांवर गेला.

प्रश्न आहे तो नळाला थोडाच वेळ पाणी येणाऱ्या वस्तीचा. साठविलेले पिंप तिथल्या गृहिणीने ओतून द्यावे कसे? तिला उपदेशाची पत्रके वाटण्यापेक्षा पिंपाला घट्ट बसणारे झाकण पुरविणे नगराच्या तिजोरीला स्वस्त पडेल.