तास सुटला

सारोळ्यातल्या मामांच्या ओट्यावरून नीरेचा पूल दिसतो. पुलापलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. पुण्याकडून येणारे आणि पुण्याकडे जाणारे ट्रक या पुलावरून रात्रंदिवस वाहत असतात. रेकॉर्ड वाजवायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, असं मामा स्वतःच सांगतात. सुईला सगळं ऐकू जातं. जमिनीतून घरात शिरलेली घरघरसुद्धा ती गाण्याइतक्याच इमानानं उचलते. म्हणून टर्नटेबल शहाबादी फरशीवर, आणि फरशी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या चार तुकड्यांवर.

त्या रात्री 'थिक ॲज अ ब्रिक' संगणकात उतरवायची होती. जेथ्रो टल या ब्रिटिश बँडची १९७२ ची रेकॉर्ड. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपासचं. वेष्टन म्हणजे बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र. गाण्याचे शब्द आठ वर्षांच्या एका मुलाच्या कवितेचे, अशी त्यात थाप. मुलगाही खोटाच. मामांना ही रेकॉर्ड कॉलेजात असताना पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. जेथ्रो टल हा मुळात इंग्लंडमधला अठराव्या शतकातला शेतकरी, घोड्यानं ओढायची पाभर बनवणारा. बँडनं १९६८ च्या सुमारास त्याचं नाव उचललं. "पाभर आपल्याकडं त्याच्या आधीपासनं होती," मामा म्हणतात, "पण बारसं त्याचं झालं."

आधी धुलाई. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, त्यात साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रश. ब्रश गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग स्वच्छ पाणी, आणि ताटं ठेवायच्या स्टँडमध्ये रेकॉर्ड उभी. ती वाळेपर्यंत मामा सुईचं वजन बघतात. त्यांच्या सुईला पावणेदोन ते दोन ग्रॅम लागतं. कमी ठेवलं तर सुई उड्या मारते. जास्त ठेवलं तर रेकॉर्ड झिजते, पण मामांच्या मते कमीनंच जास्त नुकसान होतं, कारण उडालेली सुई परत कुठेही पडते.

खाचेला मामा 'तास' म्हणतात. नांगराचा असतो तो. एका बाजूला तास एकच, बाहेरून आत गोल गोल जाणारा. मी हिशोब मांडून पाहिला, तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरला. एवढा लांब तास एवढ्याशा रानात बसवायचा, तर खर्जाची पंचाईत होते. खर्जाचा तास रुंद हेलकावे खातो आणि शेजारच्या तासाचा बांध कोरतो. म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात, तार स्वर वाढवतात, आणि ऐकताना प्रीॲम्प्लिफायर हे सगळं उलटं करून मूळ जागी आणतो. तो मधे नसला तर बासरीसुद्धा पत्र्यावर वाजवल्यासारखी लागते. या बँडमध्ये बासरी महत्त्वाची. इयन अँडरसन ती एका पायावर उभा राहून वाजवतो. आजी त्याचं चित्र बघून म्हणाली होती, "मुरलीधराला दाढी कधी आली?"

रात्री सव्वाअकराला सुई टेकवली. या कामात घाई चालत नाही. बावीस मिनिटांच्या बाजूला बावीस मिनिटंच लागतात. सॉफ्टवेअरमध्ये सर्वात मोठा आवाज वरच्या मर्यादेच्या सहा डेसिबल खाली राहील अशी पातळी आम्ही आधीच लावली होती, कारण वर आपटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मामा पडद्याकडे बघतही नव्हते. डोळे मिटून, हात मांडीवर.

तेराव्या मिनिटाला 'टक्' झालं, तेच दोन सेकंद पुन्हा आले, पुन्हा आले. "तास सुटला," मामा म्हणाले आणि उठले. ओरखडा जुना, केसाएवढा. त्यांनी भिंगातून पाहिलं, एका बारीक काडीनं त्या जागचा मळ काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात वीज गेली. ती पाऊण तासानं आली, तोवर आम्ही ओट्यावर ट्रक मोजत बसलो.

साडेबाराला पुन्हा सुई टेकवली. 'टक्' या खेपेलाही झालं, पण सुई पुढे गेली. पहिल्या बाजूच्या शेवटी संगीत हळूहळू विरत जातं, कारण एक गाणं दोन बाजूंवर बसवायला दुसरा मार्ग नव्हता. मामा उठले, रेकॉर्ड उलटी केली, ब्रश फिरवला, सुई ठेवली. रेकॉर्डिंग चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाइल साफ करायला घेतली. 'टक्' काढला. तळातली ट्रकची घरघर बरीच कमी केली. सगळी काढायला गेलो तर खर्जही सोबत जातो. मग मधली पन्नासएक सेकंदांची शांतता निवडली. त्यात मामांच्या पावलांचा आवाज होता, झाकण उचलल्याचा होता, लांबून हॉर्न होता. मी डिलीटवर बोट नेलं.

"ते राहू दे," मामा म्हणाले. "उठल्याशिवाय दुसरी बाजू लागते का कधी?"