विण्याच्या काळातील चयापचयाचे आजार: पेंढ्यावरील गाईंची काळजी

विण्यापूर्वीचे तीन आठवडे आणि विल्यानंतरचे तीन आठवडे या काळातील व्यवस्थापनावर दुधाळ गाईचे पूर्ण वेत अवलंबून असते. दुग्धज्वर, कितनबाधा आणि लाल मूत्र हे आजार प्रामुख्याने विण्याच्या आसपास दिसतात. ते जंतूंमुळे होत नाहीत, तर आहारातून मिळणारे घटक आणि दुधावाटे बाहेर जाणारे घटक यांचा मेळ न बसल्याने होतात. त्यामुळे योग्य आहाराने ते बऱ्याच प्रमाणात टाळता येतात.

वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर परिसरात पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक असतो. दिवाळीनंतर मात्र अनेक गोठ्यांत भाताचा पेंढा आणि वाळके गवत हाच मुख्य आहार होतो. पेंढ्यात प्रथिने व स्फुरद कमी असते. त्यातील ऑक्झलेट कॅल्शिअमला बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेले कॅल्शिअमही पूर्ण अंगी लागत नाही. उन्हाळ्यात विणाऱ्या संकरित गाईंकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे.

दुग्धज्वर कसा होतो?

दहा लिटर चिकातून सुमारे २० ते २३ ग्रॅम कॅल्शिअम बाहेर जाते. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शिअम असते. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून निघावी लागते. ही यंत्रणा वेळेवर सुरू झाली नाही तर रक्तातील कॅल्शिअम घटते व स्नायू काम करेनासे होतात. तिसऱ्या वेतापासून पुढे, जास्त दूध देणाऱ्या आणि विशेषतः जर्सी संकरित गाईंमध्ये धोका अधिक असतो.

बहुतेक वेळा विल्यानंतर ७२ तासांच्या आत लक्षणे दिसतात. गाय खाणे सोडते, अडखळत चालते, मागील पाय थरथरतात. नंतर ती खाली बसते, मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात, शेण बंद होते. नाव ज्वर असले तरी अंगात ताप नसतो, उलट अंग गार लागते.

विण्यापूर्वी जादा कॅल्शिअम का देऊ नये?

गाभण गाईला शेवटच्या महिन्यात कॅल्शिअमची बाटली पाजण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग होत नाही, उलट नुकसान होऊ शकते. बाहेरून आयते कॅल्शिअम मिळाले की हाडांतून ते काढण्याची यंत्रणा सुस्त राहते आणि विण्याच्या दिवशी अचानक मागणी वाढल्यावर कमी पडते.

- विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस गाय आटवावी. भाकड काळाच्या पहिल्या महिन्यात रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.
- शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शिअमचे टॉनिक बंद करावे. लसूणघास, सुबाभूळ यांसारखा कॅल्शिअमयुक्त चारा कमी ठेवावा. खनिज मिश्रण कोणते व किती द्यावे, हे पशुवैद्यकास विचारावे.
- मागील वेतात दुग्धज्वर झालेल्या गाईसाठी ऋणभारित क्षारांबाबत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.
- विल्यानंतर लगेच आणि पुन्हा १२ ते २४ तासांनी, गाय उभी असताना, कॅल्शिअम जेल द्यावे. खनिज मिश्रण व कॅल्शिअमयुक्त चारा नियमित सुरू करावा.

कितनबाधा म्हणजेच किटोसिस

विल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, पण भूक तितकी वाढत नाही. ऊर्जेची तूट भरण्यासाठी अंगावरची चरबी वितळते, यकृतावर ताण येतो आणि रक्तात कितन पदार्थ साठतात. गाय आंबोण सोडून फक्त पेंढा खाते, झपाट्याने वाळते, दूध घटते. श्वासाला व दुधाला गोडसर, ॲसिटोनसारखा वास येतो. फार लठ्ठ झालेल्या गाईंना हा त्रास लवकर होतो, म्हणून भाकड काळात गाय लठ्ठही होऊ देऊ नये व वाळूही देऊ नये.

- विण्यापूर्वी २१ दिवसांपासून एक किलो आंबोण सुरू करून हळूहळू अडीच किलोपर्यंत न्यावे.
- विल्यानंतर दोन ते तीन आठवड्यांत शरीरपोषणासाठी दीड किलो आणि प्रतिलिटर दुधामागे ४०० ग्रॅम या प्रमाणापर्यंत आंबोण वाढवावे. एकदम वाढवल्यास पोटात आम्लता होते.
- पेंढ्यासोबत संकरित नेपियरसारखा हिरवा चारा कुट्टी करून द्यावा. दमट उकाड्यात चारा पहाटे व संध्याकाळी द्यावा, पाणी सतत उपलब्ध ठेवावे.
- गूळ हा कितनबाधेवरचा उपचार नाही. लघवीची तपासणी करून पशुवैद्यकाकडून उपचार घ्यावेत.

लाल मूत्र

विल्यानंतर काही आठवड्यांत, स्फुरदाच्या कमतरतेमुळे तांबड्या पेशी फुटतात व लघवी कॉफीसारखी होते. गोचीड तापातही लघवी लाल होते, परंतु त्यात बहुधा ताप असतो. म्हणून तापमान पाहून लगेच पशुवैद्यकास कळवावे. दुभत्या गाईच्या आंबोणात भाताचा कोंडा मिसळल्यास स्फुरद मिळते.

गाय बसली तर

- पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. काही तासांत गाय दगावू शकते.
- तोंडावाटे काहीही पाजू नये. गिळण्याची शक्ती कमी झाल्याने औषध फुप्फुसात जाते.
- पोत्यांचा आधार देऊन गाय छातीवर बसती ठेवावी, एका कुशीवर आडवी पडू देऊ नये. खाली जाड पेंढा घालून दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी.
- शिरेतून कॅल्शिअम पशुवैद्यकानेच द्यावे. ते वेगाने दिल्यास हृदय बंद पडू शकते.
- गाय उठल्यानंतरही दोन दिवस लक्ष ठेवावे, कारण आजार उलटू शकतो.

प्रत्येक गाभण गाईची विण्याची अपेक्षित तारीख आणि त्याआधीची २१ दिवसांची तारीख गोठ्यातील भिंतीवर लिहून ठेवावी. आहारातील बदल त्या तारखेपासूनच सुरू करावा.