मिनीडीव्ही चित्रीकरणाची प्रतिमागुणवत्ता

मिनीडीव्ही चित्रीकरणाची प्रतिमागुणवत्ता म्हणजे 'डीव्ही' या अंकीय पद्धतीने छोट्या चुंबकीय फितीवर नोंदलेल्या चित्राची स्पष्टता, रंगांची शुद्धता आणि हालचालींचा ओघ. ही गुणवत्ता चित्रीकरणाच्या वेळीच ठरते. नंतरच्या प्रक्रियांत मूळ तपशील टिकतो किंवा घटतो. गमावलेला तपशील परत मिळत नाही. म्हणून मूळ नोंद अबाधित ठेवणे आणि प्रक्रियांचा क्रम सांभाळणे या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व आहे.

डीव्ही पद्धत १९९५ मध्ये बाजारात आली. पुढे दशकभराहून अधिक काळ विवाहसमारंभ, स्नेहसंमेलने आणि कौटुंबिक प्रसंग या फितींवर नोंदले गेले. फिती काळानुरूप जीर्ण होतात आणि त्या चालवणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. त्यामुळे हे चित्रीकरण संगणकावर आणणे निकडीचे झाले आहे.

तांत्रिक स्वरूप

भारतात प्रचलित असलेल्या पाल प्रणालीत डीव्हीची प्रत्येक चौकट ७२० × ५७६ चित्रबिंदूंची असते आणि सेकंदाला अशा २५ चौकटी नोंदल्या जातात. डोळ्याला रंगापेक्षा प्रकाशाची तीव्रता अधिक बारकाईने जाणवते. याचा लाभ घेऊन प्रकाशमान प्रत्येक बिंदूसाठी, तर रंगमान चार बिंदूंसाठी मिळून एकदाच नोंदले जाते. या रचनेला ४:२:० म्हणतात. गडद लाल वस्त्राच्या कडा पुसट दिसण्याचे हे एक कारण आहे.

एवढी माहिती साठवण्यास सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट लागले असते. संपीडन अर्थात कॉम्प्रेशन करून ती सुमारे एक पंचमांश, म्हणजे २५ मेगाबिट केली जाते. प्रत्येक चौकटीचे संपीडन स्वतंत्रपणे होत असल्याने नको असलेला भाग कोणत्याही चौकटीपाशी कापता येतो आणि उरलेल्या भागाला धक्का लागत नाही.

संगणकावर आणणे

फितीवरील माहिती मुळातच अंकीय असल्यामुळे फायरवायर जोडणीने ती जशीच्या तशी उतरवता येते. एका तासाच्या चित्रीकरणाला ध्वनीसह सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. पिवळ्या टोकाच्या साध्या व्हिडिओ तारेने जोडणी केल्यास अंकीय माहितीचे आधी सदृश संकेतात आणि मग पुन्हा अंकांत रूपांतर होते. यात स्पष्टता विनाकारण घटते. चित्रात चौकोनी ठिपके दिसू लागल्यास यंत्राचे शीर्ष स्वच्छ करून फीत पुन्हा चालवावी. पुष्कळदा दोष फितीत नसून शीर्षावरील धुळीत असतो.

इंटरलेसिंग

डीव्हीची चौकट एकाच क्षणाचे चित्र नसते. तिच्या सम आणि विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या असतात. २८८ ओळींच्या अशा प्रत्येक संचाला फील्ड म्हणतात. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर ही फील्ड एकामागून एक उमटत असल्याने हालचाल सलग भासे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही एकदम दिसतात आणि धावणाऱ्या मुलाच्या कडेला कंगव्यासारखे दाते उमटतात.

हे दाते काढण्याच्या प्रक्रियेस डीइंटरलेसिंग म्हणतात. एक फील्ड टाकून देणे हा सोपा मार्ग आहे, परंतु त्यात निम्मा तपशील जातो. दोन्ही फील्डपासून स्वतंत्र चौकटी रचून सेकंदाला ५० चौकटी ठेवल्यास हालचालीचा मूळ ओघ टिकतो. एफएफएमपेग या मुक्त आज्ञावलीतील 'याडिफ' हे साधन असे करू शकते. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते; हा क्रम उलटा दिल्यास हालचाल मागेपुढे हिसके देते.

चित्राचा आकार बदलण्यापूर्वीच डीइंटरलेसिंग करणे अत्यावश्यक आहे. आधी उंची बदलल्यास दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि नंतर कोणत्याही साधनाने त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पाहण्याची प्रत

डीव्हीचे चित्रबिंदू चौरस नसतात. म्हणून ४:३ प्रमाणाचे चित्र संगणकासाठी साधारणतः ७६८ × ५७६ आकाराचे केले जाते. अन्यथा माणसे अरुंद दिसतात. अंधारातील चित्रीकरणात रवाळपणा असतो. तो सौम्यपणे कमी केल्यास संपीडनाचा भार हलका होतो, मात्र अतिरेकाने चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. अंतिम संपीडन एकदाच, सर्व दुरुस्त्यांनंतर करावे. एच.२६४ पद्धतीत ठरावीक फाइल-आकारापेक्षा स्थिर गुणवत्तेचा पर्याय निवडणे हितावह असते, कारण त्यात गतिमान दृश्यांना आपोआप अधिक माहिती मिळते.

मर्यादा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने चित्र मोठे आणि रेखीव करतात. परंतु त्यांनी भरलेला तपशील अनुमानाचा असतो. डोळ्यांची ठेवण किंवा पाटीवरील अक्षरे मुळापेक्षा निराळी होऊ शकतात. अशी प्रत पाहण्यास सुखद असली, तरी ती मूळ नोंदीची जागा घेऊ शकत नाही. डीइंटरलेसिंगची साधने उत्तरोत्तर सुधारत आली आहेत; मूळ डीव्ही फाइल जपलेली असेल तरच त्या सुधारणांचा लाभ पुढे घेता येतो. यासाठी ती किमान दोन स्वतंत्र साठवण-साधनांवर ठेवली जाते.

हेही पहा

पाल
फायरवायर
एच.२६४