लाल माठ, कलेजी आणि चमचाभर तेल

मुंबईतल्या डिलाईल रोडच्या चाळींतल्या बायकांनी गिरणी कामगारांसाठी घरगुती खाणावळी चालवल्या. तिथल्या ताटात कधी लाल माठाची भाजी पडे, कधी कलेजी. ‘अ’ जीवनसत्त्व दोन्हींतून मिळतं. पण शरीराच्या हाती लागतं ते वेगवेगळ्या हिशोबाने.

कलेजी, अंड्याचा बलक, दूध, तूप यांत ते रेटिनॉल म्हणून तयारच असतं. त्याचा बहुतेक भाग लहान आतड्यात शोषला जातो. माठ, अळू, लाल भोपळा, गाजर, आंबा यांत मात्र असतो कच्चा माल, बीटा-कॅरोटीन. आतड्याच्या अस्तरातलं एक विकर त्याचं रूपांतर करतं आणि यात घट मोठी. जेवणातल्या साधारण 12 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉल, असा हिशोब धरतात. तेलात विरघळलेलं कॅरोटीन घेतलं तर 2 मायक्रोग्रॅम पुरतात!

पालेभाजीत कॅरोटीन पेशींच्या आत अडकलेलं असतं. बारीक चिरून शिजवली की ते सुटतं. पण पित्तरसाला ते उचलायला स्निग्धांश लागतो. म्हणून लसणाची फोडणी नुसती चवीची नाही. बिनतेलाची उकडलेली भाजी खाऊन तब्येत सांभाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शोषलेलं जीवनसत्त्व यकृतात साठतं, म्हणून माठ रोज हवाच असं नाही. कलेजीचा अतिरेक मात्र नको, आणि गरोदरपणी तर ती डॉक्टरांना विचारूनच खावी.