ग्रुपचा प्रोजेक्ट आणि टेस्टिंग फ्रेमवर्क

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे चौघांचा संसार. दिवाळीच्या सुटीत एकजण परळीला, दुसरा आष्टीला, तिसरा गेवराईला आणि चौथा हॉस्टेलवरच. प्रत्येकाचा कोड आपापल्या जागी मस्त चालतो. सुटीनंतर सगळा एकत्र केला की भांडणं सुरू! "माझ्याकडे तर चालत होतं" हे वाक्य प्रत्येक बॅचने ऐकलेलं आहे. यावर उपाय म्हणजे टेस्टिंग फ्रेमवर्क.

समजा, मेसच्या बिलाचा प्रोग्राम करायचा आहे. दिवसाचे ६० रुपये, आणि सलग तीन किंवा जास्त खाडे असतील तरच वजावट. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात एकही खाडा नसेल तर १८०० रुपये, सलग दोन असले तरी १८००, आणि सलग तीन असतील तर १६२०. ही उत्तरं आधीच लिहून ठेवायची, याच टेस्ट. कोणीही कोड बदलला की फ्रेमवर्क एका कमांडमध्ये सगळ्या पडताळून पाहतं. एखाद्याने 'तीनपेक्षा कमी'ऐवजी 'तीन किंवा कमी' लिहिलं, की तिसरी टेस्ट लगेच फेल! नाहीतर ही चूक १८० रुपये जादा भरणाऱ्यालाच कळणार.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाची 'यक्ष' ही ऑनलाइन परीक्षा प्रणाली विद्यार्थ्यांचे प्रोग्राम अशाच टेस्ट लावून तपासते. उत्तर चुकलं की यक्ष पाणी पिऊ देत नाही!

आता निवड कशी करायची? तीन प्रश्न विचारा.

१) भाषा कोणती? जावा असेल तर जेयुनिट. केंट बेक आणि एरिक गामा यांनी ते १९९७ मध्ये लिहिलं. पायथॉन असेल तर युनिटटेस्ट किंवा पायटेस्ट. युनिटटेस्ट २००१ पासून पायथॉनसोबतच येतं, त्यामुळे हॉस्टेलचं नेट बंद असलं तरी अडत नाही. पायटेस्ट वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, पण त्यातल्या टेस्ट छोट्या असतात आणि कुठे चुकलं ते स्पष्ट दिसतं. शिवाय युनिटटेस्टमध्ये लिहिलेल्या टेस्टही ते चालवतं. म्हणून सुरुवात युनिटटेस्टने केली तरी मेहनत वाया जात नाही.

२) फ्रेमवर्क जिवंत आहे का? पायथॉनसाठी 'नोज' एके काळी फार चालायचं. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. नमपायसारख्या मोठ्या प्रोजेक्टलाही २०१८ मध्ये नोज सोडून पायटेस्टवर यावं लागलं. जुन्या रिपोर्टमधलं नाव डोळे झाकून उचलू नका.

३) चौघांनाही जमेल का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकट्या हुशार मित्रालाच चालवता येणारं फ्रेमवर्क ग्रुपच्या काय कामाचं? निवडण्याआधी प्रत्येकाने आपल्या मशीनवर एक टेस्ट लिहून चालवून बघावी.

आणि पहिल्याच दिवशी एक नियम ठरवा : टेस्ट फेल असेल तर कोड जोडायचा नाही, मग तो कोणाचाही असो. सबमिशनच्या आदल्या रात्री हाच नियम ग्रुपला झोप देईल!