निष्काळजी कोणाला म्हणावे?



आम्ही भाषापंडित नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, चौकशीच्या खोलीत आणि नगरवाचनालयात झाले. मग शब्दांवर बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, आमच्या कामात माणसाची भाकरी पुष्कळदा एका शब्दावर अवलंबून असते, आणि तो शब्द बहुधा दुसराच कोणी तरी लिहितो.

२०१४ साली सात माणसांच्या एका लहानशा प्रेसशॉपमध्ये एकवीस वर्षांच्या मुलाची दोन बोटे पॉवर प्रेसखाली गेली. वडील गावाहून धावत आले. मालकाने त्यांच्यापुढे कागद ठेवला : ‘अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.’ वर तोंडाने म्हणाला, “पोरगा थिल्लर आहे हो. कानात गाणी घालून काम करतो. चूक त्याची, तेव्हा भरपाईचा प्रश्नच येत नाही. सही करा.” वडील सही करणारच होते. आपला मुलगा थिल्लर आहे, हे त्यांनाही थोडेफार पटले होते. त्या दिवशी आम्ही त्यांना जे समजावून सांगितले, तेच आज जरा विस्ताराने सांगतो.

अशा वागण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. रागाच्या भरात आपण हाताला लागेल तो शब्द उचलून मारतो. पण प्रत्येकाचे वजन निराळे आहे.

पहिला गट वृत्तीचा. थिल्लर या शब्दाचा जुना अर्थ डबके. ज्ञानेश्वरीत तो या अर्थाने आला आहे. उथळ हाही पाण्याचाच शब्द. दोन्हींत तक्रार आहे ती खोली नसल्याची. पोरकट माणूस वयाला न शोभेसे वागतो, पाचकळ माणूस नको तिथे विनोद करतो. हे दोष खरे, पण जेवणाच्या सुटीत पाचकळपणा करणारा माणूस यंत्रावर अतिशय सावध असलेला आम्ही पाहिला आहे. थिल्लर म्हटल्याने माणूस कसा आहे ते कळेल. अपघात का झाला ते कळणार नाही.

दुसरा गट घाईचा. उतावळ्याचे बाशिंग गुडघ्याला, हे म्हण सांगतेच. वेंधळ्याचे लक्ष ठिकाणावर नसते. धांदरट नेहमी धांदलीत. पण येथे विचारले पाहिजे की, ही धांदल कोणाची? तासाला इतके नग निघालेच पाहिजेत, नाही तर पगार कापू, असे बजावल्यावर कोणताही माणूस धांदरट दिसू लागतो.

तिसरा गट काळजीचा, आणि खरी गफलत येथेच होते. निष्काळजी माणसाच्या हातून काळजी घ्यायची राहून जाते. हलगर्जीत कर्तव्य माहीत असते, पण सैल सोडलेले असते. हयगय ही तिची सख्खी बहीण. चालढकल करणारा आजचे काम उद्यावर लोटतो. अंगचोर काम करतो, पण अंग राखून. बेफिकीर या सर्वांच्या पुढचा. फिकीर हा मूळचा अरबी शब्द. अर्थ विचार, चिंता. परिणाम डोळ्यांसमोर दिसत असूनही ज्याला त्याची चिंता नाही, तो बेफिकीर. ‘राहून गेले’ आणि ‘ठाऊक असून केले’ यांत जे अंतर, तेच निष्काळजी आणि बेफिकीर यांत आहे.

कायद्यानेही हे अंतर मानले आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात, कामामुळे व कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई नाकारण्याची कारणे मोजकीच होती : कामगार नशेत असणे, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडणे, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढणे. नुसता निष्काळजीपणा त्या यादीत नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच मांडणी ठेवली आहे. १९४६ च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांतही कामातली हयगय गैरवर्तनात धरली होती, ती सवयीची असेल तर. एखाद्या वेळची चूक म्हणजे सवय नव्हे.

म्हणून आम्ही वडिलांना सही करू दिली नाही, आणि मालकाला विचारले, “प्रेसचे गार्ड कुठे आहे?” ते कोपऱ्यात पडले होते. नग भराभर निघावेत म्हणून सुपरवायझरने ते पंधरा दिवसांपूर्वीच उतरवले होते, असे दोघा कामगारांनी सांगितले. मुलगा गाणी ऐकत होता हे खरे. ते चुकीचेच होते, आणि आम्ही त्याला तसे सुनावलेही. पण तो निष्काळजी ठरला, तर गार्ड उतरवणाऱ्याला काय म्हणावे? परिणाम त्याला दिसत होता. बेफिकीर हा शब्द त्याचा होता. पुढे भरपाईचा दावा मान्य झाला. नोकरी मात्र मुलाला परत मिळाली नाही.

हे सांगताना आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. आमच्याच युनियनच्या एका सभासदाचे काम वरचेवर नापास होई. भर सभेत आम्ही त्याला कामचुकार म्हटले. तो खाली मान घालून बसला. पुढे कळले की, त्याला कमी दिसत होते, आणि सांगितले तर काम जाईल या धाकाने तो गप्प होता. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला. सभेला मात्र तो पुन्हा आला नाही.

शेवटचा शब्द बेजबाबदार. जबाब म्हणजे उत्तर. ज्याने उत्तर द्यायचे तो जबाबदार, आणि जो उत्तर देत नाही तो बेजबाबदार. आमच्या अनुभवात जबाब नेहमी खालच्या माणसाचा घेतला जातो. वरच्याला कोणी जाब विचारीत नाही, म्हणून हा शब्द त्याला कोणी लावीत नाही.

तेव्हा श्रोतेहो, घरात, कचेरीत वा कारखान्यात कोणाला असा शब्द लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. त्याला धोका ठाऊक होता काय? सावध राहण्याइतका वेळ आणि साधन त्याच्या हाती होते काय? ही एकदाची चूक की रोजची सवय? उत्तरे मिळाल्यावर खुशाल कडक शब्द वापरा, आम्हीही वापरतो. आणि असा शब्द लिहिलेला कागद कोणी तुमच्यापुढे सहीसाठी सरकवला, तर तो वाचून घ्या, घरी न्या, जाणत्याला दाखवा. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.